फळ्या चिरण्यासाठी चेनसॉची चेन: निवड आणि धार

हौस म्हणून ओंडक्यातून फळ्या काढणारी माणसे एकमेकांना भेटली की बोलणे आधी इंजिनावर येते. यंत्र किती सीसीचे आहे, बार (चेन जिच्या कडेने धावते ती लांब पट्टी) किती इंची आहे, फळीची जाडी सारखी ठेवणारी चौकट कोणती वापरता, असे प्रश्न ओघानेच निघतात. हे प्रश्न रास्त आहेत. पण फळी सपाट निघते की मध्येच पोट काढते, यंत्र हलक्या दाबाने पुढे सरकते की अंगाचा जोर लावून ढकलावे लागते, हे शेवटी चेनच्या दातांवर ठरते. चेन विकत घेणे आणि चेनला धार लावणे हे दोन निरनिराळे विषय समजले जातात, ते मला पटत नाही. जी चेन आपल्याला स्वतःच्या हाताने, जवळच्या कानशीने, पुन्हा पुन्हा एकसारखी धारदार करता येते, तीच आपल्या कामाची चेन होय. तिची किंमत आणि खोक्यावरचे नाव या गोष्टी त्यानंतर येतात.

उभी चिराई आणि आडवी तोडणी यांत नेमका फरक काय आहे, हे आधी समजून घेतलेले बरे, कारण पुढचा प्रत्येक निर्णय त्यावर उभा आहे. ओंडका आडवा तोडताना चेन तंतूंना काटकोनात धावते आणि बारही तंतू ओलांडत खाली उतरतो. दाताचा बाहेरचा कोपरा कापाच्या कडेला तंतू तोडतो आणि दाताची वरची पाती मधला तुकडा उचलून बाहेर फेकते, म्हणून जाडसर ढलप्या पडतात. फळी चिरताना चौकटीत बसवलेला बार ओंडक्यावर आडवा असतो खरा, परंतु तो ओंडक्याच्या लांबीच्या दिशेने पुढे सरकतो, त्यामुळे दातांसमोर सतत तंतूंची टोकेच येत राहतात. प्रत्येक दात त्या टोकांवरून अर्धा-पाऊण मिलिमीटरचा थर खरवडतो, तंतूंचे तेवढ्याच लांबीचे तुकडे होतात, आणि ढलप्यांऐवजी बारीक भुसा पडतो. तोच बार तंतूंना समांतर धरून लाकूड उभे फाडले, तर मात्र लांबच लांब धागे निघतात आणि स्प्रॉकेटच्या, म्हणजे चेन फिरवणाऱ्या दातेरी चाकाच्या, झाकणाखाली गुंतून बसतात. म्हणजे एकच दात तीन प्रकारे लाकूड कापतो, आणि त्यांतला तंतूंच्या टोकांवरचा काप सर्वांत जड असतो.

आजच्या चेनवर दिसणारा आकडीसारखा दात जोसेफ कॉक्स या अमेरिकन लाकूडतोड्याने शोधला. १९४६ साली त्याने लाकूड पोखरणारी एका भुंगेऱ्याची अळी निरखून पाहिली; ती आपल्या वाकड्या जबड्यांनी तंतूंच्या दिशेने आणि तंतूंना आडवे, असे दोन्हीकडे सारख्याच सहजतेने लाकूड खात जात होती. त्या जबड्याच्या घडणीवरून त्याने दात बनवला आणि १९४७ साली पोर्टलंड येथे ओरेगॉन सॉ चेन या नावाने उत्पादन सुरू केले. त्याआधीच्या चेनचे दात हातकरवतीच्या दातांसारखे, लाकूड ओरखडत जाणारे होते आणि त्यांना धार लावणे हे मोठे किचकट काम होते. कॉक्सच्या दाताला मात्र एक गोल कानस पुरते. घरी बसून धार लावणारा प्रत्येक हौशी माणूस त्या सोयीवर उभा आहे, आणि म्हणूनच ही हकिगत मला फार आवडते.

आता खरेदीकडे वळू. चेन घेताना तीन गोष्टी जुळल्याच पाहिजेत: पिच, गेज आणि ड्राइव्ह लिंकची संख्या. चेनचे तुकडे जोडणाऱ्या लागोपाठच्या तीन रिव्हेटांमधील अंतराच्या निम्मे म्हणजे पिच. हौशी कामात ०.३२५ इंच, ३/८ इंच आणि मोठ्या यंत्रांवर ०.४०४ इंच हे पिच आढळतात. त्याखेरीज लहान यंत्रांसाठी ३/८ लो प्रोफाइल ही वेगळी जात आहे. बारच्या खाचेत बसणाऱ्या ड्राइव्ह लिंकची जाडी म्हणजे गेज: १.१, १.३, १.५ किंवा १.६ मिलिमीटर. खाचेपेक्षा पातळ चेन बसते, पण ती खाचेत डुलते आणि काप वाकडा जातो. जाड चेन बसतच नाही. ड्राइव्ह लिंकची संख्या बारवर बहुधा कोरलेली असते. अक्षरे झिजली असतील तर जुन्या चेनच्या लिंक मोजाव्यात, बारच्या लांबीवरून अंदाज बांधू नये, कारण एकाच लांबीच्या बारला निरनिराळ्या यंत्रांवर निरनिराळी संख्या लागू शकते.

चेनवरचे आकडे वाचता आले की दुकानदारावर विसंबून राहावे लागत नाही. स्टिल या कंपनीच्या चेनमध्ये दातापुढच्या उंचवट्यावर पिचचा आकडा असतो: २ म्हणजे ०.३२५, ३ म्हणजे ३/८, ४ म्हणजे ०.४०४ आणि ६ म्हणजे ३/८ लो प्रोफाइल. ड्राइव्ह लिंकवरचा ३, ५ किंवा ६ हा आकडा अनुक्रमे १.३, १.५ आणि १.६ मिलिमीटर गेज सांगतो. त्यांच्या चिराईच्या ६३ पीएमएक्स या चेनच्या नावातला ६ आणि ३ याच पद्धतीने वाचायचा. ओरेगॉनच्या ३/८ पिचच्या चिराईच्या चेन ७२ आरडी, ७३ आरडी आणि ७५ आरडी अशा आहेत. त्यांत ७२ म्हणजे १.३, ७३ म्हणजे १.५ आणि ७५ म्हणजे १.६ मिलिमीटर गेज.

लो प्रोफाइलबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण हौशी माणसाला तिचा फायदा सर्वांत जास्त होतो आणि घोटाळाही तिथेच सर्वांत जास्त होतो. नावात ३/८ असले तरी ही चेन नेहमीच्या ३/८ चेनपेक्षा बारीक असते आणि तिचा काप अरुंद पडतो. अरुंद कापाचे दोन लाभ आहेत: इंजिनाला कमी लाकूड खरवडावे लागते, आणि प्रत्येक फळीमागे लाकडाचा भुसा कमी होतो. मध्यम ताकदीच्या यंत्रावर, फार रुंद नसलेल्या ओंडक्यांसाठी मी हीच चेन पसंत करतो. मात्र तिच्या पट्ट्या आणि रिव्हेट नाजूक असतात, त्यामुळे ९० सीसीच्या आसपासच्या दांडग्या इंजिनावर लांब बार लावून ती ताणणे हे चेन तुटण्याला आमंत्रण आहे. शिवाय तिच्यासाठी स्प्रॉकेट आणि बारच्या टोकाचे चाक हे दोन्ही लो प्रोफाइलचेच हवेत. नुसता ३/८ हा आकडा पाहून दोन जाती एकमेकींत मिसळल्या, तर चेन धावते असे वाटते आणि काही दिवसांत ड्राइव्ह लिंकची बुडे घासून खराब झालेली दिसतात.

दाताच्या कोपऱ्याचा प्रश्न पुढचा. फुल चिझल दाताचा कोपरा टोकदार, काटकोनी असतो; सेमी चिझलचा कोपरा गोलसर असतो. स्वच्छ लाकडाच्या आडव्या तोडणीत फुल चिझल स्पष्टपणे वेगवान ठरतो, कारण तंतू तोडण्याचे काम कोपराच करतो. चिराईत बहुतेक भार वरच्या पातीच्या धारेवर येतो आणि कोपऱ्याचे महत्त्व उतरते, त्यामुळे फुल चिझलचा फायदा कमी होतो आणि त्याची उणीव मात्र तशीच राहते: सालीत अडकलेल्या मातीचा एखादा कण लागला की टोक जाते, आणि ते परत आणण्यासाठी पुष्कळ धातू कानसून काढावा लागतो. सेमी चिझल धार अधिक वेळ टिकवतो आणि हाताने लावायला सोपा आहे. चिराईसाठी मी सेमी चिझलच सुचवीन.

लांब बारवर दातांची संख्या हाही विचाराचा विषय होतो. नेहमीच्या चेनमध्ये दर दुसऱ्या जागेवर दात असतो, फुल स्किपमध्ये दर तिसऱ्या; म्हणजे ८४ ड्राइव्ह लिंकच्या चेनवर एरवी ४२ दात असतात तर फुल स्किपवर २८. एका वेळी लाकडात कमी दात असल्याने इंजिनावरचा भार कमी होतो आणि धार लावण्याचे कामही एक तृतीयांशाने घटते, पण काप थोडा खडबडीत येतो. ओंडका फार रुंद असेल आणि इंजिन त्या मानाने लहान असेल तर स्किप चेन उपयोगी पडते. एरवी पूर्ण दातांची चेन घ्यावी. बारची लांबी ठरवताना चौकटीचे, बार दोन्ही बाजूंनी पकडणारे शिकंजे सुमारे ४ ते ६ इंच जागा खातात हे विसरू नये. तेवढी रुंदी फळीतून वजा होते.

खास चिराईची म्हणून विकली जाणारी चेन घ्यावी का, हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. अशा चेनच्या वरच्या पातीचा कोन साधारण १० अंश असतो, तर तोडणीच्या चेनचा २५ ते ३५ अंश. कमी कोनामुळे दातावरचा बाजूचा रेटा कमी होतो, चेन कापात डावी-उजवी कमी ढकलली जाते आणि फळीचा पृष्ठभाग नितळ येतो. ३० अंशांची साधी चेनही फळी चिरते, आणि बरेच अनुभवी लोक तिच्यावर खूश आहेत. फळीवर रेषा थोड्या ठळक उमटतात, इतकेच. फळी पुढे रंधून घ्यायची असेल तर त्या रेषांचे दुःख नाही. म्हणून माझे सांगणे असे की हाताशी चांगली सेमी चिझल चेन असेल तर तिच्यापासून सुरुवात करावी, आणि प्रत्येक वेळी धार लावताना कोन थोडा थोडा कमी करत न्यावा. पहिल्याच बैठकीत ३० चे १० अंश करायला गेल्यास दाताचे कितीतरी आयुष्य भुकटी होऊन खाली पडते. ग्रॅनबर्ग या कंपनीच्या चिराईच्या चेनमध्ये काही दातांची वरची पाती अरुंद केलेली असते. ते आधी कडा कोरतात आणि मागचे पूर्ण रुंदीचे दात मधले लाकूड साफ करतात. ती चेन छान चालते. पण निरनिराळ्या आकाराचे दात एकसारखे ठेवणे हे नवख्या हाताला जड जाते, आणि मी सुरुवातीला मांडलेल्या कसोटीवर ती पहिली चेन म्हणून बसत नाही.

एक चेन घेऊन थांबू नये. एकाच प्रकारच्या निदान दोन, जमल्यास तीन चेन घ्याव्यात आणि त्या आळीपाळीने वापराव्यात, म्हणजे सगळ्या स्प्रॉकेटबरोबर सारख्याच ताणत आणि झिजत जातात. झिजलेल्या स्प्रॉकेटवर नवी चेन चढवली तर ती लवकर खराब होते. दातांत अर्धा मिलिमीटर खोल खाचा दिसू लागल्या की स्प्रॉकेट बदलावे. रिळावरची चेन घेऊन ती घरी तोडायची आणि जोडायची सोयही आहे. १०० फुटांच्या ३/८ रिळात सुमारे १६०० ड्राइव्ह लिंक येतात, म्हणजे ८४ लिंकच्या १९ चेन होतात. त्यासाठी रिव्हेट काढण्याचे आणि फिरवून बसवण्याचे अशी दोन अवजारे लागतात. चार-पाच मित्र एकाच मापाची चेन वापरत असतील तरच हा खटाटोप परवडतो. एकट्याने तयार चेन घेणेच शहाणपणाचे.

अनोळखी बनावटीची स्वस्त चेन हातात आली तर ती यंत्रावर चढवण्याआधी टेबलावर पसरून पाहावी. प्रत्येक सांधा सारखाच मोकळा वळतो का, सगळ्या दातांची लांबी एक आहे का, दातापुढचे उंचवटे एका पातळीत आहेत का, हे कॅलिपरने आणि डोळ्याने दोन्हींनी तपासावे. चांगल्या कारखान्याच्या नव्या चेनलाही पहिल्या वापराआधी कानशीचा एकेक हलका हात दिला तर चिराईत फरक जाणवतो. नवी चेन काही वेळ तेलात बुडवून ठेवावी, मग कमी भारावर चालवून ताण पुन्हा पाहावा.

आता धार. तोडणी करताना चेन बोथट झाल्याची खूण सर्वांना पाठ असते: ढलप्यांऐवजी भुकटी पडू लागते. चिराईत ही खूण कामाची नाही, कारण तिथे धारदार चेनही भुसाच पाडते. म्हणून दुसऱ्या खुणा शिकाव्या लागतात. भुसा चिमटीत घेऊन चोळला आणि तो कणीदार लागला तर धार शाबूत आहे; पिठासारखा मऊ, गरम आणि करपल्या वासाचा लागला तर थांबावे. यंत्र ढकलावे लागणे, कापाच्या कडा तपकिरी होणे, चेन वारंवार सैल पडणे, या सगळ्या त्याच गोष्टीच्या निरनिराळ्या खुणा आहेत. चिराईत इंजिन मिनिटन् मिनिट पूर्ण वेगाने चालते, तेव्हा बोथट चेनची किंमत चेनपुरती राहत नाही; ती बार, पिस्टन आणि चिरणाऱ्याची पाठ या तिघांकडून वसूल होते. म्हणून इंधनाच्या दर टाकीला, आणि लाकूड कठीण किंवा ओंडका मोठा असेल तर दर फळीनंतर, दोन-दोन हात मारून घेणे हा माझा नियम आहे. थोडी आणि वारंवार धार लावली तर एकूण धातू कमीच जातो.

इंजिन बंद करून, प्लगची टोपी काढून, हातमोजे घालून बार व्हाइसमध्ये घट्ट पकडावा. रानात काम असेल तर बुंध्यात ठोकून बसवायचा छोटा व्हाइस मिळतो. चेन इतपत ताणावी की कानस लावताना दात मागे कलंडणार नाही. मग दाताकडे उजेड येईल असे बसून वरची धार न्याहाळावी. धारदार कडेवर प्रकाश थांबत नाही, ती नुसती एक काळी रेघ दिसते. बोथट कडेवर मात्र बारीक चकाकती किनार दिसते, आणि कोपऱ्यावर ती जास्त रुंद असते. दाताच्या वरच्या आणि बाहेरच्या पृष्ठावर क्रोमचा पातळ मुलामा असतो, आणि धार टिकते ती मुख्यतः त्याच्या कठीणपणामुळे. दगडाला किंवा खिळ्याला लागून कोपऱ्यावरचा क्रोम उडाला असेल तर खालच्या मऊ पोलादाला कितीही टोक आणले तरी ते पहिल्या वितीतच मोडते. तिथे चकाकी जाईपर्यंत थांबून चालत नाही. शाबूत क्रोमची किनार पुन्हा धारेपर्यंत येईतो कानसावे लागते. धार लागली म्हणजे काय, याचे याहून स्पष्ट उत्तर मला माहीत नाही.

कानशीचा व्यास चेनच्या मापाप्रमाणे असतो. ३/८ लो प्रोफाइलला ४ मिलिमीटर, ०.३२५ ला ४.८, नेहमीच्या ३/८ ला बनावटीप्रमाणे ५.२ किंवा ५.५, आणि ०.४०४ ला ५.५ मिलिमीटर. कानशीचा सुमारे पाचवा भाग दाताच्या वरच्या पातीच्या वर दिसला पाहिजे. कानस फार खाली गेली तर धारेखालचा गाळा खोल होतो, धार पातळ पडते, लाकडात अधाशीपणे घुसते आणि लवकर मोडते. फार वर राहिली तर धार मागे झुकते आणि दात कापण्याऐवजी घसरतो. कानस आतून बाहेर, एकाच दिशेने ढकलावी आणि परत आणताना उचलावी, कारण तिचे दात पुढे जातानाच कापतात आणि मागे ओढल्याने फक्त तिचीच धार जाते. प्रत्येक हातानंतर ती बोटांत किंचित फिरवावी. कानस चकचकीत दिसू लागली, की हट्ट न करता नवी घ्यावी. जुन्या कानशीने धार लावणे हा वेळेचा आणि चेनचा दोन्हींचा अपव्यय आहे. एका बाजूचे सगळे दात पुरे करून मग दुसरी बाजू घ्यावी, आणि दात मोजत मोजत जावे.

चिराईत मी सर्वांत जास्त काळजी घेतो ती दातांच्या लांबीची. बहुतेकांचा उजवा हात एका बाजूला सरस चालतो, त्यामुळे नकळत डाव्या बाजूचे दात आखूड आणि उजवीकडचे लांब होत जातात. आडव्या तोडणीत अशी चेन थोडी एका अंगाला ओढते आणि ते खपून जाते. चिराईत बार आडवा झोपलेला असल्यामुळे तीच ओढ बारला वर किंवा खाली नेते, आणि रुंद ओंडक्याच्या मध्यावर, जिथे बारला कोणत्याच शिकंज्याचा आधार नसतो, तिथे फळी जाड किंवा पातळ पडते. त्यावर उपाय एकच: कॅलिपरने सर्वांत आखूड दात शोधावा आणि बाकीचे त्याच्या मापाला आणावेत. हे कंटाळवाणे काम आहे. बारवर बसणारी कानशीची चौकट, उदाहरणार्थ ग्रॅनबर्गची फाइल-एन-जॉइंट, इथे मोलाची मदत करते. तिच्यात कोन, उंची आणि दाताची लांबी तिन्ही बांधून घेता येतात. हाताचा अंदाज कितीही चांगला असला तरी काही बैठकींनंतर एकदा चौकट लावून सगळे दात एका मापाला आणण्याला पर्याय नाही.

दातापुढचा जो उंचवटा, त्याला बहुतेक जण रेकर म्हणतात. दात एका वेळी किती खोल जाईल हे तो ठरवतो, आणि हौशी माणसांच्या संथ चालणाऱ्या चेनचे कारण बहुतेक वेळा तिथेच सापडते. नव्या चेनवर रेकर धारेपेक्षा साधारण ०.६५ मिलिमीटर खाली असतो. दाताची वरची पाती मागे उतरती असते, म्हणून दात कानसून मागे सरकला की धारही खाली येते आणि रेकर त्या मानाने उंच राहतो. तो कानसला नाही तर धारदार दातसुद्धा लाकडाला जेमतेम शिवतो. यात आणखी एक बारकावा आहे आणि तो सहसा सांगितला जात नाही. दात मागे सरकला की धार आणि रेकर यांतले अंतरही वाढते, त्यामुळे शेवटपर्यंत तेच ०.६५ मिलिमीटर ठेवून भागत नाही. खरे महत्त्व कोनाचे आहे. रेकरच्या माथ्यापासून धारेपर्यंतचा चढ सुमारे ६ अंशांचा असेल तर चेन नीट कापते. ६ अंशांना उंचीतला फरक अंतराच्या साधारण एक दशांश येतो: अंतर ६ मिलिमीटर असताना ०.६३ मिलिमीटर, आणि दात झिजून अंतर १० मिलिमीटर झाले की १.०५ मिलिमीटर. अर्धे आयुष्य उलटलेली चेन नव्या मापाच्या पट्टीने तपासून ठीक ठरवली जाते आणि मग ती चालत का नाही म्हणून इंजिनाकडे संशयाने पाहिले जाते, त्याचा उलगडा या साध्या हिशेबात आहे.

रेकर तपासण्याच्या पट्ट्या दोन प्रकारच्या मिळतात. एक प्रकार दोन-तीन दातांवर टेकतो आणि सगळ्यांना एकच माप लावतो. दुसरा प्रकार मागे त्याच दाताच्या माथ्यावर आणि पुढे चेनवर टेकतो, त्यामुळे दात झिजेल तसा रेकर आपोआप अधिक खाली जातो. मी दुसराच प्रकार घ्यायला सांगेन. काही दात थोडे आखूड राहिले तरी त्याने प्रत्येक दाताला त्याच्यापुरते बरोबर माप मिळते. रेकर चपट्या कानशीने उतरवावा आणि त्याची पुढची कड गोलसर करावी, नाहीतर तो लाकडात अडकतो. इंजिन लहान असेल किंवा लाकूड फार कठीण असेल तर ६ अंशांपेक्षा थोडे कमी ठेवावे. जास्त उतरवलेला रेकर लाकूड ओरबाडतो, चेनला धक्के बसतात आणि इंजिन दमते. कमी असेल तर आणखी उतरवता येतो, जास्त उतरवला तर तो परत वर येत नाही, तेव्हा इथे घाई करू नये.

विजेच्या ग्राइंडरविषयी माझे मत सावध आहे. दगडाला लागलेली, दातांचे माप पार बिघडलेली चेन एका पातळीवर आणायला तो उत्तम आहे. मात्र चाक दातावर क्षणभर जास्त टेकले की धार निळी पडते, म्हणजे पोलादाचे पाणी उतरते. त्या जागी एक तर धार राहत नाही, किंवा पृष्ठभाग इतका कडक होतो की पुढच्या वेळी कानस त्यावरून घसरते. चाकाचा स्पर्श हलका आणि तुटक असावा, चाक वेळोवेळी घासून ताजे करावे, आणि शेवटचा हात कानशीचाच असावा.

चेन निर्दोष असूनही फळी वाकडी निघत असेल तर बार उलटून त्याच्या कडा पाहाव्यात. एक कड दुसरीपेक्षा खाली झिजली असेल तर चेन खाचेत कलते आणि कितीही धार लावली तरी काप सरळ जात नाही. कडा चपट्या कानशीने काटकोनात आणाव्यात, बाहेर आलेली धातूची झालर काढावी, खाच साफ करावी आणि बार दर वेळी उलटा बसवावा. चिराईचा बारीक भुसा तेलाशी मिसळून तेलाचे छिद्र बुजवतो, तेही त्याच वेळी पाहावे. लांब बारवर टोकाकडून जादा तेल देण्याची सोय केली तर चेन थंड राहते आणि धारही जास्त टिकते.

ताणाबद्दल एवढेच, की गरम झाल्यावर सैल पडलेली चेन ताणली असेल तर काम थांबवताच ती पुन्हा सैल करावी. थंड होताना ती आखडते आणि तो ताण बारवर आणि इंजिनाच्या बेअरिंगवर जातो. चालू असताना चेनच्या रेषेत स्वतः उभे राहू नये आणि इतर कोणाला उभे राहू देऊ नये, कारण तुटलेल्या चेनचा तुकडा फार मोठ्या वेगाने सुटू शकतो.

दात साधारण ४ मिलिमीटर लांबीचा उरला, किंवा त्यावरची झिजेची खूण गाठली गेली, की चेन बाद समजावी. तोपर्यंत मात्र झिजलेल्या चेनला कमी लेखू नये. दात मागे निमुळता होत जातो, म्हणून तिचा काप नव्या चेनपेक्षा किंचित अरुंद असतो, आणि रेकर हिशेबाने उतरवलेले असतील तर ती जोमाने चालते. अशा चेनवर मी खुणेचा रंगीत ठिपका लावून ठेवतो आणि ओंडक्याचा पहिला, सालीचा काप तिनेच घेतो. माती-वाळू जी काही असेल ती तिच्या वाट्याला जाते, आणि आतल्या स्वच्छ लाकडासाठी ताजी धार लावलेली दुसरी चेन चढवतो.